कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी

ओक काकूंना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळवलेला माणूस मला इथे न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला, अजून भेटलेला नाही. "काकू, गुडघा दुखतो का हो?" म्हटलं की त्या डोळे मिटतात, मागचे दोन आठवडे मनातल्या मनात तपासून बघतात आणि सांगतात, "कधीकधी." "चहात साखर घालू?" "बरेचदा." आणि आपण बेसावधपणे काही बोलून गेलो तर सुटका नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवी सून लाडात म्हणाली, "आमचे हे ना, माझं ऐकतच नाहीत." जानेवारीतला रणरणता उन्हाळा, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगावर काळी साडी, आणि काकूंनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. "थांब. कधीच ऐकत नाहीत, कधीकधी ऐकतात, बरेचदा ऐकतात, की नेहमी?" सून गोरीमोरी झाली. तिचा नवरा बाहेर बार्बेक्यूपाशी उभा होता. काकूंनी त्याला बोलावून तोच प्रश्न विचारला. दोघांची उत्तरं अर्थातच जुळली नाहीत. काकू खूश झाल्या. "म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायचं असतं," म्हणाल्या आणि तिळगुळ वाटायला लागल्या.

हे खूळ त्यांना लागलं त्याला थोडीफार मीच जबाबदार आहे, म्हणून सांगते. मी मूळची नाशिकची, मंजिरी. शिकायला म्हणून इथे आले आणि आता रिकार्टन आणि हॉर्नबी या उपनगरांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या आरोग्य केंद्रात रिसेप्शनला बसते. काकू माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. चिंचवडच्या एका पंपांच्या कारखान्यात त्या तीस वर्षं अनुवादक होत्या. कारखान्याचे पंप दक्षिण अमेरिकेत जायचे आणि त्यांची मॅन्युअल्स काकू स्पॅनिशमध्ये करायच्या. काका गेल्यावर समीरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना इकडे आणलं. तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. इथे येऊन स्पॅनिश कुणाशी बोलणार, म्हणून त्या फ्रिजच्या मॅन्युअलमधली स्पॅनिश पानं वाचून त्यातल्या चुका काढायच्या.

आमच्या केंद्रात चिली, कोलंबिया, अर्जेंटिनाहून आलेल्या कुटुंबांची मुलं येतात. वडील बहुतेक बाहेरच्या डेअरी फार्मांवर दूध काढायच्या कामाला असतात. मूल वर्गात बोलत नाही, सकाळी उलट्या काढतं, रात्री झोपत नाही, असं शाळेला दिसलं की शाळा आमच्याकडे पाठवते. आमची सायकॉलॉजिस्ट हेलन त्यांच्याकडून चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेते. मुलाच्या मनात काळजी, भीती किती घर करून बसली आहे याची ती पहिली चाचपणी. प्रत्येक प्रश्नाला चारच उत्तरं: नुन्का, अ वेसेस, मुचास वेसेस, सिएम्प्रे. कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. हेलनला दुभाषी मिळत नव्हता. मी म्हटलं, माझ्या शेजारी एक आजी आहेत.

काकूंनी एकोणसत्तराव्या वर्षी दुभाष्याची परीक्षा दिली आणि पास झाल्या. निळ्या पट्टीतलं ओळखपत्र गळ्यात आलं. ते त्या सोन्याच्या साखळीच्या वर येईल असं घालतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फॉर्म उलटापालटा करून हेलनला विचारलं, "हा स्पॅनिश फॉर्म कुठल्या देशातल्या मुलांवर टेस्ट केलाय?" हेलननं सांगितलं. काकू म्हणाल्या, "ती मुलं वेगळी, ही वेगळी. डोंगरावर बसवायचा पंप आम्ही चिंचवडला टेस्ट करून 'झालं' म्हणायचो नाही." त्यांनी अकरा पानांचं टिपण लिहून दिलं, पानापानाला क्रमांक घालून. पण स्वतःच्या अधिकारात एक अक्षर बदललं नाही. "मॅन्युअल म्हणजे मॅन्युअल. बदल करायचा तर वरून सही येऊ दे." हेलननं ते टिपण पुढे पाठवलं आणि मला म्हणाली, "मंजिरी, ही बाई तू आणलीस कुठून?"

खरी गंमत पुढेच होती. काकूंचं स्पॅनिश सगळं पंपांवर पोसलेलं. गॅस्केट, व्हॉल्व्ह, गळती, दाब हे तोंडपाठ, पण मनातल्या गोष्टी तीस वर्षांत कधी बोलायलाच लागल्या नव्हत्या. हेलननं नाव न घेता मला सांगितलेली गोष्ट आहे. चौदा वर्षांची एक मुलगी. काय होतं ते मला सांगताच येत नाही, एवढंच म्हणत होती. हेलन म्हणाली, तुमच्या शब्दांत विचारा. काकूंनी विचारलं, "दाब आधी कुठं वाढतो? वाढण्याआधी काही आवाज होतो का? आपोआप बंद पडतं, की कुणाला बंद करावं लागतं?" मुलगी विचारात पडली आणि घडाघडा सांगायला लागली. पोटात सुरू होतं, गळ्यापर्यंत चढतं, कानात गूं होतं, शाळा सुटल्याची घंटा झाली की आपोआप बंद. हेलन म्हणते, इतकं स्वच्छ वर्णन तिनं मोठ्या माणसाकडूनही ऐकलेलं नव्हतं.

आणि वाती. वातींबद्दल सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत.

समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून 'तुला भीती वाटते का' असं विचारलं तर कुठलं मूल खरं सांगेल, असं काकूंचं म्हणणं. "ते पोलिसांचं काम." म्हणून त्यांनी हेलनच्या परवानगीनं एक स्टीलचा डबा आणला. आत देवकापूस. शेजारी बशीत चमचाभर दूध. मूल आलं की आधी वात वळायला शिकवायचं. बोटाला दुधाचा थेंब, कापसाचं टोक चिमटीत, पीळ द्यायचा. नजर कापसावर, कान प्रश्नांवर. हेलनला आधी स्वच्छतेची काळजी वाटली, मग तिनं स्वतः एक वात वळून बघितली. आता मीटिंगमध्येही तिच्या हातात कापूस असतो.

त्या वातींचं करायचं काय? काकू त्या पुड्या बांधून मंडळात वाटतात. आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांतल्या निरांजनांत चिली-कोलंबियाच्या पोरांनी वळलेल्या फुलवाती जळतात. एका काकूंना सोवळ्याची शंका आली. ओक काकू म्हणाल्या, "देवघरापाशी इमिग्रेशन बसवलंय का तुम्ही?" मुलंही दोन-दोन वाती घरी नेतात आणि त्यांच्या आया त्या मेरीमातेपुढे लावतात. सगळी पोरं काकूंना 'तिआ' म्हणतात, म्हणजे मावशी.

एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, "काकू, घाबरलेल्या मुलांची वात जास्त घट्ट येत असेल, नाही?" त्या कडाडल्याच. "वातीवरून निदान करायला मी काय ज्योतिषी आहे? आणि फॉर्मसुद्धा निदान करत नाही, कळलं? फॉर्म म्हणजे चाळणी. वर काय राहिलं तेवढं ती दाखवते. तो खडा की दाणा, ते हेलननं हातात घेऊन बघायचं."

कापूस पुण्याहून येतो. मागच्या वेळी काकू स्वतः घेऊन आल्या तेव्हा विमानतळावर मी त्यांना घ्यायला गेले होते. तास झाला तरी बाहेर येईनात. झालं असं होतं, की सामानाच्या कार्डावर त्यांनी सगळीकडे Yes ला टिक केली होती. खाण्याचे पदार्थ? Yes. वनस्पती? Yes. प्राणिजन्य? Yes, तूप. मातीत गेलेले बूट? Yes, पर्वतीवर. अधिकाऱ्यानं "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून कापसाची पिशवी उघडली आणि सरकी आहे का बघायला लागला. मी काचेतून बघत होते. थोड्या वेळानं तो धिप्पाड माणूस चिमटीत कापूस धरून पीळ देत होता आणि काकू मान हलवत होत्या, जमत नाही म्हणून. "विचारलं की खरं सांगायचं," गाडीत बसताना त्या मला म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय?"

दर गुरुवारी केंद्रातून त्यांना घरी मी सोडते. गाडीत मुलांबद्दल एक शब्द नाही. मी कितीही खोदून विचारलं तरी ठरलेलं उत्तर, "आतलं आत." आणि दुसरं ठरलेलं वाक्य, "हॉर्नबीवरून जाऊ या ग. तिथली कोथिंबीर ताजी असते." हॉर्नबी आमच्या घराच्या बरोबर उलट्या दिशेला. तिथे जायचं, कोथिंबीर हातात घेऊन वास घ्यायचा, ती परत ठेवायची आणि रिकाम्या हातानं यायचं. कधी कोथिंबिरीऐवजी बटण असतं, कधी लिंबू. दोन वर्षं मी याला म्हातारपणचा चाळा समजत होते आणि घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवत होते.

आता कामिलाबद्दल. हे नाव मी बदललं आहे. बाकीचं सांगायला तिच्या आईची परवानगी आहे, उलट तिचाच आग्रह आहे.

कामिला बारा वर्षांची. रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळा बुडत होती आणि आईला वाटत होतं, पोरगी नाटकं करते. शाळेनं लिहिलं होतं, तुमच्याकडेही काही निघालं नाही तर हा मुद्दाम शाळा बुडवण्याचा प्रकार धरावा लागेल. म्हणजे त्या दिवशी हेलनच्या खोलीत काही निघालं नाही, तर त्या मुलीचं पोटदुखणं कायमचं खोटं ठरणार होतं.

त्याच आठवड्यात केंद्रानं फॉर्म टॅब्लेटवर आणला होता. डबा ड्रॉवरमध्ये गेला होता आणि काकू फुरंगटून बसल्या होत्या. टॅब्लेट मधेच अडला म्हणून मला आत बोलावलं आणि मी जमिनीवर बसून चार्जरशी झटापट करत होते. आई बाहेर होती. टॅब्लेट सुरू झाला आणि कामिलानं चाळीस प्रश्न तीन मिनिटांत उरकले. टक टक टक, सगळीकडे 'कधीच नाही'. शेवटी आकडा आला. शून्य.

"शून्य! स्वीट अ‍ॅज," हेलन म्हणाली, म्हणजे एकदम झकास. काकूंनी तेही स्पॅनिशमध्ये सांगितलं. कामिला गोड हसली, उठली, खुर्ची नीट आत सरकवली.

काकू उठल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली निळी पट्टी काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"हेलन, दोन मिनिटं मी दुभाषी नाही. मालती ओक म्हणून बोलते. चालेल?"

हेलननं मान डोलावली.

"चाळीस प्रश्नांत कुणाला शून्य येत नाही. मला येणार नाही, तुला येणार नाही. शून्य येतं ते फॉर्म भरायचा सराव असलेल्या माणसाला. आम्ही या देशात आलो ते फॉर्म भरून. क्षय आहे का, वेड आहे का, तुरुंगात गेला होतात का. मंजिरी, तू कुठं टिक केली होतीस?"

मी चार्जर हातात धरून म्हटलं, "No ला."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. काकू, Yes ला केली की खाली आणखी एक पान उघडतं. मग व्हिसा अडकतो."

"ऐकलंस?" काकूंनी पट्टी परत गळ्यात घातली. "आता हिला विचार, घरातले फॉर्म कोण भरतं. तू विचार. मी फक्त भाषांतर करीन."

हेलननं विचारलं. कामिला म्हणाली, "मी." घरात इंग्रजी तिलाच येतं, मनातलं मात्र ती स्पॅनिशमध्येच बोलते. बाबांच्या व्हिसाचा, घरभाड्याचा, आईच्या डॉक्टरचा, सगळे तीच भरते. आठ वर्षांची असल्यापासून.

"आणि टिक कुठं करतेस?"

कामिलानं आमच्या तिघींकडे अशी नजर टाकली, की एवढ्या मोठ्या बायका आणि एवढंही माहीत नाही.

"No ला. नाहीतर परत पाठवतात."

काकूंनी भाषांतर केलं. आवाज जरा खाली गेला, पण शब्द तेवढेच ठेवले. मला तिथल्या तिथे लाज वाटली. ते No मीही भरले होते, पण माझं वय तेव्हा चोवीस होतं आणि माझ्या टिकवर फक्त माझाच व्हिसा होता. ही पोरगी सगळं घर त्या चौकोनांत सांभाळत होती.

हेलननं टॅब्लेट पालथा घातला. म्हणाली, हा फॉर्म व्हिसाच्या ऑफिसात जात नाही. यावरून कुणाला परत पाठवत नाहीत. काकूंनी सांगितलं. कामिलानं विचारलं, "बाबांनाही नाही?"

"बाबांनाही नाही."

मग हेलननं स्वतः ड्रॉवर उघडला आणि डबा काढला. मी दूध आणून दिलं आणि बाहेर आले. त्या सव्वा तास आत होत्या. काय झालं ते मला माहीत नाही. गाडीत काकू म्हणाल्या, "आतलं आत," आणि हॉर्नबीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. मी मात्र दर सिग्नलला त्यांच्याकडे बघत होते. या बाईनं तीस वर्षांत मॅन्युअलचा एक शब्द हलवला नव्हता, त्या दिवशीही हलवला नाही, आणि तरी एका मुलीला खोटं ठरण्यापासून वाचवलं. माझ्या आयुष्यात मी इतकी थक्क क्वचित झाले आहे.

कामिला पुढे बरेच महिने येत राहिली. आधी आठवड्यातले दोन दिवस शाळेत, मग चार, मग पाचही. घरातले फॉर्म आता वाचनालयातल्या एक बाई भरून देतात. कामिलाला हात लावायची बंदी आहे, असं तिची आई मला अभिमानानं सांगते.

यंदाच्या हिवाळ्यात केंद्रानं पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांना एक फॉर्म दिला. झोप, भूक, भीती, एकटेपणा. तीच चार उत्तरं. गुरुवारी संध्याकाळी काकूंनी भरलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "स्कॅन करून टाक. मी कोट घालते."

मी स्कॅनरवर ठेवता ठेवता बघितलं. कधीच नाही. कधीच नाही. वरपासून खालपर्यंत एका रांगेत, सगळ्या खुणा एका मापाच्या. बेरीज शून्य.

सामानाच्या कार्डावर सगळीकडे Yes लिहिणारी बाई! मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कोटाची बटणं लावत होत्या. आणि मला दोन वर्षांचे गुरुवार आठवले. साडेपाचला मी त्यांना दाराशी सोडते तेव्हा घरात दिवा नसतो. समीर आणि त्याची बायको सातनंतर येतात. नात इरा असते, पण वर, कानाला हेडफोन लावून. काकू मराठीत हाक मारतात, ती वरून "हाय आजी, I'm good" म्हणते. कोथिंबिरीचा वास घेऊन परत ठेवायला हॉर्नबीला कोण जातं? घरी पोचायला अर्धा तास उशीर व्हावा असं वाटणारा माणूस जातो. मी त्याची नक्कल करत होते.

वेटिंग रूम रिकामी होती. मी माझं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. हेलनच्या ड्रॉवरमधून डबा आणला, बशीत दूध ओतलं आणि दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"फॉर्म परत भरायचाय. हा कुठंही जात नाही काकू. कुणाला परत पाठवत नाहीत."

"मंजिरी, हे तुझं काम नाही. रिसेप्शनिस्टनं..."

"मी रिसेप्शनिस्ट नाहीये. दोन मिनिटं."

 काकूंनी कोटाची बटणं एकेक करून उघडली, त्या बसल्या आणि कापूस पुढे ओढला. बोटाला दूध लावलं. पीळ द्यायला लागल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या हातून वात तुटलेली पाहिली.

"सावकाश वाच," म्हणाल्या. "आणि माझ्याकडे बघू नकोस."

मी खिडकीबाहेर बघत पहिला प्रश्न वाचला.

त्यांनी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. आतलं आत. आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता. केंद्रातून बाहेर पडताच, काकूंनी सांगायच्या आत, मीच गाडी हॉर्नबीकडे घेतली. तिथे कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या, एक त्यांना, एक मला. खरंच ताजी होती.